नाजूक पोटाचा घोडा : चारा आधी, चंदी मागाहून



बैल, गाय व म्हैस यांच्या वैरणीविषयी आपण पुष्कळदा बोलतो. घोड्याविषयी बोलणे क्वचितच होते. तरीही आपल्यापैकी काहींच्या दारी आजही टांग्याचे, वरातीचे किंवा ओझ्याचे घोडे आहे, आणि ते आजारी पडले की घरची चूल थंडावते. म्हणून आज पोट नाजूक असलेल्या घोड्याला काय व कसे खाऊ घालावे याचा धडा घेऊ.

सिकंदराबाद आणि घोडा यांचे नाते जुने आहे. निजाम सिकंदर जाह यांच्या नावाने हे शहर १८०६ साली वसले ते इंग्रजांच्या छावणीभोवती. जवळच बोलारम येथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे मुख्य ठाणे होते. आपल्या मराठवाड्यातील जालना, हिंगोली, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) व मोमिनाबाद (आजचे अंबाजोगाई) येथेही तिच्या छावण्या असत. १९०३ साली ही फौज हिंदी लष्करात मिळाली. तिच्या घोडदळात शिलेदारी पद्धत होती, म्हणजे स्वार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. घोडा मेला तर तोटा आधी शिलेदाराच्या घरी. आजच्या वरातीच्या घोडीवाल्याची स्थिती याहून वेगळी नाही.

मागे एका लग्नसराईत आम्ही सिकंदराबादेस असताना नांदेडकडून येऊन तेथे स्थायिक झालेल्या एका घरी गेलो. दारात तीनशे किलो वजनाची पांढरी घोडी उभी होती. दर तीन-चार दिवसांनी ती पुढच्या पायाने जमीन उकरी, वळून पोटाकडे पाही आणि चंदी अर्धी टाकून देई. घरचे आजोबा म्हणाले, “अहो, खाण्यात काही कमी नाही. रात्री अडीच किलो हरभरा देतो तिला. हरभरा म्हणजे घोड्याचं बळ!” आम्ही विचारले, “आजोबा, आणि गवत?” ते म्हणाले, “गवत सकाळी. वरातीला भरल्या पोटाने कशी न्यायची?” म्हणजे दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत घोडी उपाशी, आणि मग एकदम दाण्यांचा तोबरा. दुखणे तेथेच होते.

घोड्याचे पोट कसे असते?

बैलाच्या पोटात शंभर लिटरहून अधिक चारा मावतो. तो भराभर खातो आणि मग निवांत बसून रवंथ करतो. घोड्याचे जठर मात्र लहान, सुमारे ८ ते १५ लिटरचे असते, आणि तो रवंथ करीत नाही. मोकळा सोडलेला घोडा दिवस-रात्र मिळून चौदा तासांहून अधिक वेळ थोडे थोडे चरत असतो. त्याचे जठर त्याच चालीसाठी घडलेले आहे.

त्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरते, पोट रिकामे असले तरीही. हे आम्ल सौम्य करणारी लाळ मात्र घोडा चावतो तेव्हाच सुटते. चारा नसेल तर चावणे नाही, आणि चावणे नाही तर लाळ नाही. मग आम्ल जठराला पोळते व व्रण पडतात. उपाशीपोटी पळवले तर तेच आम्ल उसळून वरच्या कोवळ्या भागाला लागते.

दुसरी गोष्ट, घोड्याला वांती करता येत नाही. जे पोटात गेले ते मागे फिरत नाही. जठर फार फुगले तर फाटते आणि जनावर दगावते. तिसरी गोष्ट, एकाच वेळी फार दाणा दिला की त्यातील पिष्ट न पचता मोठ्या आतड्यात उतरते. तेथे ते आंबते, वायू धरतो, पोटशूळ उठतो. कधी कधी खुरांच्या आत दाह होऊन घोडा पायाने अधू होतो.

नाजूक पोट ओळखावे कसे?

चारा खातो पण दाणा सोडतो. खाताना मध्येच थांबतो. तंग आवळताना चिडतो किंवा चावायला येतो. दात करकर वाजवतो. अंग उतरते, केस निस्तेज होतात. खाण्यानंतर वरचेवर सौम्य पोटशूळ होतो. यांतील दोन-तीन खुणा दिसल्या तर पशुवैद्यांना बोलवावे. लांब नळीच्या दुर्बिणीने जठर पाहता येते, आणि आम्ल कमी करणारे ओमेप्राझोल हे औषध त्यांच्या सल्ल्याने देता येते. लंगडण्यावरच्या वेदनाशामक गोळ्या मात्र मनाने देत राहू नये. त्यांनीच पुष्कळदा जठरात व्रण पडतात.

काय व किती द्यावे?

आधी वजन काढा. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याला त्याच आकड्याने गुणा. मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १५८ व लांबी १४३ असेल तर वजन सुमारे ३०० किलो येते. अशा घोड्यासाठी रोजचा हिशेब असा :

१. वाळलेले चांगले गवत ४ किलो व वाळलेली लसूणघास १ किलो, दिवसरात्रीत चार-पाच वेळा विभागून. सुका चारा वजनाच्या शेकडा दीड ते दोन असावा. लसूणघासेतील चुन्याचा अंश आम्ल शमवतो. चार-सहा तासांहून अधिक वेळ पोट रिकामे राहू देऊ नये.

२. भरडलेले सातू सकाळी ४०० ग्रॅम व संध्याकाळी ४०० ग्रॅम. एका वेळी अर्ध्या किलोच्या वर जाऊ नये. आधी चारा, मागाहून चंदी.

३. अंग भरण्यासाठी दाणा वाढवण्याऐवजी ५० मिलिलिटर गोडे तेल चंदीत मिसळावे. ते थोड्या थोड्या प्रमाणाने सुरू करावे.

४. मीठ २५ ग्रॅम. स्वच्छ पाणी सदैव समोर. साधारण १५ ते २५ लिटर, उन्हाळ्यात व घामाच्या दिवसांत याहून बरेच अधिक.

५. कामाला नेण्याआधी अर्धा तास मूठ-दोन मूठ नव्हे, तर अर्धा-एक किलो गवत खाऊ द्यावे. हे गवत रोजच्या हिशेबातलेच.

दक्षिणेत घोड्याला हुलगा उकडून घालण्याची जुनी रीत आहे. नाजूक पोटाला तो दिलाच तर थोडा, नीट शिजवून आणि सातूच्या ऐवजी द्यावा, सातूवर भर म्हणून नव्हे. भिजवलेला दाणा आंबूस वासाचा झाला तर फेकून द्यावा. गव्हाच्या कोंड्याचाही अतिरेक नको. त्यात स्फुरद फार व चुना थोडा असल्याने हाडे कमजोर होतात. कोणताही नवा चारा किंवा दाणा आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा.

हे कटाक्षाने टाळा

पावसाळ्यात बुरशी धरलेला कडबा घालू नये. हिरव्या, विशेषतः कोवळ्या ज्वारीपासून घोड्याला दूर ठेवावे. चारा मातीवर न टाकता गव्हाणीत घालावा, नाहीतर वाळू पोटात साठते. वरातीत पाहुणे प्रेमाने भात, पुरी, मिठाई, गूळ भरवतात. त्यांना हात जोडून नाही म्हणावे.

सर्वांत मोठा धोका आपल्या शेतघरातच असतो. कोंबड्यांच्या व गुरांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध असते. ते घोड्याला थोडेसेही मारक ठरते. एका गोदामात पोती असली तर घोड्याचे पोते व माप वेगळे ठेवावे.

पोटशूळ उठल्यास

चारा-चंदी लगेच काढून घ्यावी व पशुवैद्यांना निरोप धाडावा. घोडा लोळू पाहत असेल तर सावकाश चालवावे, दमेपर्यंत नव्हे. बांबूच्या नळीने तेल किंवा काढा पाजू नये. तो फुप्फुसात उतरला तर दुसरेच संकट उभे राहते. जबड्याखालील नाडी मोजावी. निरोगी मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. साठच्या वर गेली तर वेळ दवडू नये. शेवटची लीद केव्हा पडली हेही सांगावे. सिकंदराबादकडच्या मंडळींना राजेंद्रनगरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे.

आता त्या घोडीचे. पशुवैद्यांनी औषध सुरू केले आणि काही दिवस पूर्ण विश्रांती सांगितली. सराईचे ऐन दिवस, दोन वरातींची आगाऊ रक्कम घेतलेली. आजोबा रात्रभर बसून राहिले. सकाळी त्यांनी दोन्ही घरी जाऊन पैसे परत केले. सून म्हणाली, “मामंजी, पैसे पुढच्या सराईत येतील, घोडी नाही येणार.” हरभऱ्याचे पोते विकून त्यांनी गवत व लसूणघास घेतली. सहा आठवड्यांनी घोडी गव्हाण चाटून पुसून खाऊ लागली.

मुक्या जनावराला आपले दुखणे सांगता येत नाही. त्याने टाकलेली चंदी आणि वळून पोटाकडे पाहणे हीच त्याची भाषा. आज रात्री तबेल्यात गेलात तर तोबरा भरण्याआधी एवढेच पाहा : याने शेवटचे गवत केव्हा खाल्ले?