रोलच्या कॅमेऱ्यात ऑटोफोकस हवा, पण कोणता?

प्रश्न : माझ्याकडे काकांनी दिलेला निकॉन एफएम१० आहे, त्यावर अधूनमधून रोल काढतो. डिजिटलमध्ये निकॉन डी५६००, त्याच्यासोबत आलेल्या १८-५५ आणि ७०-३०० या दोन एएफ-पी लेन्स आणि नंतर घेतलेली ५० मिमी एफ/१.८ जी. आता रोलवर चालणारा, ऑटोफोकसवाला, जरा वरच्या दर्जाचा कॅमेरा घ्यायचं मनात आहे. निकॉन एफ५, एफ१००, कॅनन ईओएस-३, ईओएस-१व्ही अशी नावं ऐकतो. पण शेवटी फोटो फिल्मवरच उमटणार ना? मग बॉडी भारी असली काय नि साधी असली काय, फरक पडतो का? आणि ईओएस-३ म्हणे नजर जाईल तिथे फोकस करतो, हे खरं का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : बॉडीने फरक पडतो का, हे आधी बघू. बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. फोटोची तीक्ष्णता लेन्स ठरवते, रंग आणि दाणे फिल्म ठरवते, हे तुमचं बरोबर आहे. तीच लेन्स, तोच रोल, कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर १/१२५ वर. असे दोन फोटो समोर ठेवले तर एफएम१० चा कोणता आणि एफ५ चा कोणता, हे भलेभले सांगू शकणार नाहीत. बॉडीचे पैसे जातात ते फोकस पकडणं, प्रकाश मोजणं, व्ह्यूफाइंडर आणि शटर यांच्यात. म्हणजे फोटो किती चांगला येतो यापेक्षा तो हातून निसटतो की नाही, याचे ते पैसे. अंगणात पळणारं पोर किंवा कबड्डीचा सामना टिपायचा असेल तर ते वसूल होतात. डोंगर आणि देवळं काढायची असतील तर एफएम१० वर समाधान माना आणि उरलेल्या पैशांचे रोल आणा.

तरीही घ्यायचाच असेल, तर बॉडीच्या आधी लेन्सचा हिशेब करा. तुमच्या दोन्ही एएफ-पी लेन्स या कामाला निरुपयोगी आहेत. त्या डीएक्स, म्हणजे लहान सेन्सरसाठीच्या, त्यामुळे ३५ मिमीच्या पूर्ण चौकटीचे कोपरे काळे पडतील. त्याहून मोठी अडचण अशी की त्यांची फोकसची मोटर निकॉनच्या एकाही फिल्म कॅमेऱ्याला चालवता येत नाही. हाताने रिंग फिरवलीत तरी फोकस हलणार नाही, कारण ती रिंगसुद्धा कॅमेऱ्यामार्फतच काम करते. ५० मिमी मात्र सोन्यासारखी आहे. पूर्ण चौकट झाकते आणि मोटर तिच्या स्वतःच्या पोटात आहे. फक्त ती 'जी' प्रकारची, म्हणजे अ‍ॅपर्चरची रिंग नसलेली. एफ५, एफ१००, एफ८० आणि एफ६ या बॉडींवर अ‍ॅपर्चर बोटाखालच्या चक्रीने बदलतं, तिथे ही लेन्स पूर्णपणे चालते. १९८८चा एफ४ कितीही देखणा असला तरी त्याला ती चक्री नाही. त्यावर ही लेन्स फक्त प्रोग्रॅम आणि शटर-प्रायॉरिटी या मोडमध्ये चालेल. एफ९०एक्सचंही तेच.

उलट एक फायदाही आहे. रिंगवाल्या जुन्या ऑटोफोकस लेन्स तुमच्या डी५६०० वर फोकस करत नाहीत, कारण त्या बॉडीत मोटरच नाही. एफ१०० मध्ये ती आहे. तेव्हा ५० मिमी किंवा ८५ मिमीची जुनी 'डी' लेन्स सेकंडहँड मिळाली, तर ती एफ१०० वर व्यवस्थित फोकस धरते.

हा सगळा गोंधळ का, तर ऑटोफोकस आला तेव्हा कंपन्यांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. १९८५ साली मिनोल्टा ७००० ने ऑटोफोकस एसएलआर सामान्य ग्राहकाच्या हातात दिला आणि बाकीच्यांची झोप उडवली. निकॉनने १९५९ पासूनचा आपला एफ माउंट सोडला नाही. मोटर बॉडीत बसवली आणि माउंटमधून डोकावणाऱ्या एका छोट्या दांड्याने लेन्स फिरवली. जुने ग्राहक खूश, पण कोणती लेन्स कुठल्या बॉडीवर किती चालते याचं कोष्टक पाठ करायची पाळी आपल्यावर आली. कॅननने १९८७ मध्ये जुना माउंट सरळ मोडीत काढून ईएफ माउंट आणला. मोटर लेन्समध्ये, निरोप सगळे विजेवर. जुनी गिऱ्हाइकं तेव्हा चिडली, पण आज कॅननचं गणित सोपं आहे ते त्यामुळेच. ईएफ लेन्स कुठलीही घ्या, ईओएसच्या फिल्म बॉडीवर चालते, ईएफ-एस मात्र बसत नाही. तुमच्याकडे एकही कॅनन लेन्स नसताना फक्त बॉडीच्या मोहाने तिकडे जाणं मला पटत नाही.

आता या चार कॅमेऱ्यांतली एक मजेची गोष्ट. ऑटोफोकस एसएलआरचा मुख्य आरसा मध्यभागी थोडा पारदर्शक असतो. त्यातून गेलेला प्रकाश मागच्या एका छोट्या आरशावरून खाली, तळाशी बसवलेल्या फोकस सेन्सरवर जातो. लेन्सच्या दोन कडांमधून आलेल्या दोन प्रतिमा तिथे ताडून पाहिल्या जातात. त्या एकमेकींपासून किती आणि कोणत्या बाजूला सरकल्या आहेत, यावरून लेन्स किती फिरवायची ते चाचपडत न बसता कळतं. कॅमेऱ्याच्या फोकसचा वकूब ठरतो तो बराचसा या सेन्सरवर. आणि एफ५ (१९९६) मधला सेन्सरच एफ१०० (१९९९) मध्ये आहे. पाच बिंदू, त्यांतले तीन क्रॉस, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा ओळखणारे. कॅननकडेही तसंच घडलं. ४५ बिंदूंची रचना १९९८ साली आधी ईओएस-३ मध्ये आली आणि २००० साली ईओएस-१व्हीला मिळाली. फोकससाठी म्हणून थोरल्या भावाचे जादा पैसे मोजायचं कारण नाही.

थोरल्याकडे जास्त काय आहे, तर एफ५ चा मीटर. १००५ पिक्सेलचा, रंग ओळखणारा. एफ१०० चा मॅट्रिक्स मीटर दहा भागांचा. कलर निगेटिव्हवर हा फरक जाणवणार नाही, ती फिल्म दोन स्टॉप जास्तीचा प्रकाशसुद्धा मुकाट्याने पचवते. स्लाइड फिल्म अर्धा स्टॉपही माफ करत नाही, तिथे एफ५ ची किंमत कळते. शिवाय एफ५ च्या व्ह्यूफाइंडरमध्ये चौकट शंभर टक्के दिसते, एफ१०० मध्ये ९६. आणि वेग. एफ५ खास बॅटरी पॅक लावून सेकंदाला आठ फोटो काढतो, म्हणजे ३६ फोटोंचा रोल साडेचार सेकंदांत खलास. वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांना ऑफिसातून रोल मिळायचे, त्यांना ते परवडत होतं. रोलच्या आजच्या भावात एफ१०० चा साडेचार फ्रेमचा वेगसुद्धा मला उधळपट्टी वाटतो.

वजनही बघा. एफ५ ची नुसती बॉडी १२१० ग्रॅम, वर आठ पेन्सिल सेल. एफ१०० ची ७८५ ग्रॅम आणि चार सेल. हे पेन्सिल सेल तुम्हाला चिपळुणातच काय, कुठल्याही वाडीवरच्या दुकानात मिळतील. एफ८० आणि एफ६ ला सीआर१२३ए लागतात, ईओएस-३ आणि १व्हीला २सीआर५. सुट्टीच्या दिवशी गावात ते शोधून दाखवा.

ईओएस-३ च्या नजरेबद्दल ऐकलंत ते खरं आहे. व्ह्यूफाइंडरमधले बारीक इन्फ्रारेड दिवे डोळ्यावर प्रकाश टाकतात, त्याच्या परावर्तनावरून बुबुळ कुठे वळलंय ते कॅमेरा ओळखतो आणि तिथला बिंदू निवडतो. १९९२ च्या ईओएस-५ पासून हे आहे. ज्याच्या डोळ्याला ते जमतं तो वेडा होतो. चष्मा असेल तर रुसतं, आणि वापरण्याआधी आपल्या डोळ्याची ओळख करून द्यावी लागते, ती वेगवेगळ्या उजेडात पुन्हा पुन्हा केली तर बरं. कॅननने २०२१ मध्ये डिजिटल ईओएस आर३ मध्ये ही युक्ती परत आणली, म्हणजे कल्पना काळाच्या पुढची होती. पण १व्ही या त्यांच्या सर्वांत वरच्या मॉडेलमध्ये त्यांनीच ती घातली नव्हती, यावरून काय ते समजा.

तर माझं मत एफ१००. पैसे कमी असतील तर एफ८०, तोही तुमची ५० मिमी बिनतक्रार चालवेल. एफएम१० च्या हाताने फोकस करायच्या लेन्स एफ१०० वर लावल्यात तर सेंटर-वेटेड आणि स्पॉट मीटर मिळेल, एफ८० वर मीटर अजिबात चालणार नाही. एफ६ बद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण त्यावर अशा लेन्सना मॅट्रिक्स मीटरसुद्धा मिळतो. गंमत म्हणजे २००६ च्या सुरुवातीला निकॉनने आपले बहुतेक फिल्म कॅमेरे बंद केले तेव्हा दोनच मागे ठेवले होते. एक एफ६, तो २०२० पर्यंत टिकला. दुसरा तुमच्या काकांचा एफएम१०. तो विकू नका. त्याचं शटर बॅटरीशिवाय चालतं. एफ१०० ची सर्किट बोर्डं आता कुठेही बनत नाहीत, त्यातलं एखादं गेलं तर दुरुस्ती म्हणजे दुसऱ्या मेलेल्या एफ१०० चे अवयव काढणं.

घेताना मुंबईला फोर्टातल्या बोरा बाजारात एक चक्कर मारा. हातात धरून बघता येईल तिथूनच घ्या. एफ१०० च्या पाठीवरचं रबर वयाने चिकट होतं. ते दिसायला घाण, पण पुसून जातं, त्यावरून भाव पाडून घ्या. मागच्या दाराची खिटी मात्र प्लास्टिकची आहे, तिला तडा असेल तर सोडून द्या. सेलच्या खणात हिरवट-पांढरी पूड दिसली तर सेल गळलेले आहेत. दार उघडून रिकामा कॅमेरा १/८००० पासून एक सेकंदापर्यंत चालवून बघा, शटरच्या पात्यांवर तेलाचे डाग नकोत. डी५६०० सोबत न्या, दोन्हींवर आयएसओ सारखा ठेवा आणि एकाच भिंतीवर मीटर ताडून बघा. लेन्स घेत असाल तर मोबाइलचा टॉर्च मागून मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. चिपळूणच्या पावसात ती आणखी फोफावेल आणि शेजारच्या लेन्सलाही लागेल. कॅमेरा चामड्याच्या पिशवीत कधीच ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि जेल दर पावसाळ्यात तापवून कोरडं करत जा.

दुकानदाराकडून आठ दिवसांची मुदत मागून घ्या आणि पहिला रोल त्या मुदतीतच संपवून धुवायला टाका. निगेटिव्हची पट्टी हातात आली की फोटो बघायच्या आधी दोन चौकटींमधली मोकळी जागा बघा. ती सगळीकडे सारखी असेल तर फिल्म ओढणारी मोटर ठीक आहे. चौकटी एकमेकींवर चढल्या असतील, किंवा काही चौकटींची एक बाजू फिकट आणि दुसरी गडद असेल, तर कॅमेरा त्याच दिवशी परत करा.