नवजात बालकाची नोंद आणि कुटुंबाचे आरोग्यसंरक्षण

कुटुंबात मूल जन्माला आले की घरातील माणसांची संख्या एकाने वाढते. परंतु शासकीय दप्तरात आणि विम्याच्या कागदपत्रांत ती आपोआप वाढत नाही. त्यासाठी कोणीतरी अर्ज करावा लागतो, दाखला काढावा लागतो आणि मुदत पाळावी लागते. हे काम लांबणीवर पडले तर ज्या दिवसांत बालकाला वैद्यकीय मदतीची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच दिवसांत ते कागदोपत्री कुटुंबाबाहेर राहते.

पहिल्या महिन्याचे महत्त्व

जन्मानंतरचे पहिले २८ दिवस बालकाच्या आयुष्यातील सर्वांत जोखमीचे असतात. अपुऱ्या दिवसांचा जन्म, कमी वजन, श्वास कोंडणे आणि जंतुसंसर्ग ही या काळातील मृत्यूंची प्रमुख कारणे होत. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील प्रशिक्षित स्त्रियांकरवी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसून आले. पुढे २०११ पासून देशभर आशा कार्यकर्तींच्या गृहभेटी सुरू झाल्या.

घरच्या काळजीने न भागणाऱ्या बालकाला रुग्णालयात न्यावे लागते. शासकीय रुग्णालयात ही सेवा विनामूल्य आहे. १ जून २०११ रोजी सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार आजारी नवजात बालकास औषधे, तपासण्या व वाहतूक मोफत मिळते. प्रारंभी ३० दिवसांपुरती असलेली ही सवलत पुढे एक वर्षापर्यंतच्या बालकांना लागू झाली. तथापि, खाजगी रुग्णालयात जावे लागल्यास प्रश्न विम्याचा, म्हणजेच कागदांचा होतो.

पहिली पायरी : जन्मनोंद

सर्व कागदांचे मूळ जन्मदाखल्यात आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये जन्माची माहिती २१ दिवसांच्या आत निबंधकास द्यावयाची असते. रुग्णालयातील जन्माची माहिती देण्याची जबाबदारी तेथील प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याची, तर घरी झालेल्या जन्माची माहिती देण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखाची असते. २१ दिवसांनंतर परंतु ३० दिवसांच्या आत विलंब शुल्क भरून नोंद होते. त्यानंतर एक वर्षापर्यंत विहित अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटल्यावर मात्र जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकारी यांच्या आदेशावाचून नोंद होत नाही.

बारसे झालेले नाही म्हणून पुष्कळ कुटुंबे नोंदीस थांबतात. हा गैरसमज होय. नावावाचूनही जन्माची नोंद होते. पुढे १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून अंमलात आलेल्या सुधारणेने नोंदीनंतर ७ दिवसांच्या आत पहिला दाखला माहिती देणाऱ्यास विनामूल्य देणे निबंधकावर बंधनकारक आहे. त्या तारखेनंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेश, पारपत्र, मतदार नोंदणी अशा अनेक कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हा एकच दाखला ग्राह्य आहे.

सासर, माहेर आणि शिधापत्रिका

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. जन्माची नोंद मात्र ज्या ठिकाणी जन्म झाला तेथेच होते. समजा, सुनेचे सासर अकोले तालुक्यात व माहेर जुन्नर तालुक्यात असून प्रसूती जुन्नर येथे झाली. अशा वेळी दाखला जुन्नरहून घ्यावा लागेल आणि बालकाचे नाव अकोले येथील शिधापत्रिकेत वाढवावे लागेल. बाळंतीण सासरी परतते ती दोन-तीन महिन्यांनी. तोपर्यंत दोन्ही घरे एकमेकांवर विसंबून राहतात.

याहून अवघड अडचण आईच्या नावाची आहे. लग्नानंतर कित्येक वर्षे मुलीचे नाव माहेरच्याच शिधापत्रिकेवर राहते. ते तेथून कमी केल्याचा दाखला मिळवून सासरच्या पत्रिकेत घालावे लागते. हे काम गरोदरपणातच उरकले, तर बालकाचे नाव वाढविण्यास तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत विलंब लागत नाही.

शिधापत्रिका ही केवळ धान्यापुरती राहिलेली नाही. राज्यात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली व २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने पुढे चालू राहिली. १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या शिधापत्रिकेसह सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना तिचा विस्तारित लाभ देण्यात आला. त्यानुसार प्रति कुटुंब प्रतिवर्षी ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार अंगीकृत रुग्णालयांत विनामूल्य होतात. ही रक्कम साऱ्या कुटुंबाची सामाईक असून सदस्यसंख्येला मर्यादा नाही. बालक वाढले म्हणून वेगळा हप्ता भरावा लागत नाही.

शिधापत्रिकेत नाव येण्यापूर्वीच बालक आजारी पडले तर काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. अशा बालकासाठी पालकांची शिधापत्रिका, जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांसमवेतचे छायाचित्र ग्राह्य धरण्याची सोय योजनेत ठेवलेली आहे. रुग्णालयातील आरोग्यमित्राची भेट प्रथम घ्यावी. मात्र या सोयीलाही जन्मदाखला हवाच.

खाजगी विमा असल्यास

नोकरदार कुटुंबांनी आपल्या विमापत्रातील अटी प्रसूतीपूर्वीच वाचाव्यात. १ एप्रिल २०२० पासून सर्व विमा कंपन्यांकडे उपलब्ध झालेल्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित विम्यात मुलांना तिसरा महिना पूर्ण झाल्यावरच प्रवेश आहे. म्हणजे सर्वांत जोखमीचा काळ त्याबाहेर राहतो. प्रसूतीचा खर्च देणाऱ्या काही विमापत्रांत बालकास पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळते. मालकाने घेतलेल्या सामूहिक विम्यात बालकाचे नाव ठरावीक मुदतीत, पुष्कळ ठिकाणी ३० दिवसांत, कळवावे लागते. ती मुदत चुकल्यास पुढील नूतनीकरणापर्यंत थांबावे लागण्याचा संभव असतो. नाव कळविल्याची लेखी पोच अवश्य घ्यावी आणि जन्मतः असलेला आजार लपवू नये. लपविलेली गोष्ट दाव्याच्या वेळी आड येते.

गावपातळीवर करावयाचे काम

रुग्णालयात जन्मलेल्या बालकाला आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी भेट देते. घरी जन्म झाला असल्यास पहिल्या दिवसाची भेट अधिक असते. जन्मनोंदीची मुदतही २१ दिवसांचीच आहे. तेव्हा चौदाव्या दिवसाच्या भेटीत बालकाच्या वजनाबरोबरच "जन्मनोंद झाली का?" एवढे विचारले, तरी मुदतीस आठवडा शिल्लक असताना चूक उघडकीस येईल. नोंद राहिलेल्या बालकांची यादी ग्रामपंचायतीने मासिक सभेत वाचावी. माहेरी आलेल्या बाळंतिणींची वेगळी नोंद ठेवून दाखला घेतल्यावाचून त्या सासरी परतणार नाहीत, असे पाहावे. शिक्षकांनी पालकसभेत आणि अंगणवाडी सेविकांनी गरोदर मातांच्या बैठकीत शिधापत्रिकेचा विषय घ्यावा.

या कामासाठी नवा निधी लागत नाही की नवा कर्मचारी. दाखला काढून देण्यात गेलेला अर्धा दिवस एखाद्या कुटुंबाला बालकाच्या उपचारासाठी जमीन गहाण टाकण्यापासून वाचवू शकतो. गावात जन्मलेले प्रत्येक मूल महिन्याच्या आत दप्तरी आले पाहिजे, एवढा निर्धार प्रत्येक ग्रामपंचायतीने केला तर आरोग्य योजनांचा लाभ त्यांच्या सर्वांत लहान हक्कदारापर्यंत वेळेवर पोहोचेल.