खात्यात चार लाख होते, तरी व्हिसा का नाकारला?

प्रश्न : मुलगी म्युनिकला नोकरी करते. नातवाला बघायला मे, जून, जुलै असे तीन महिने जायचं ठरवून आम्ही दोघांनी एजंटमार्फत अर्ज केला. दोघांचाही नाकारला. खात्यात चार लाख दाखवले होते. पुन्हा अर्ज करायचा आहे. कुठे चुकलं असेल?
– एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : नातू तिकडे आणि तुम्ही इकडे, याची हुरहुर तुमच्या पत्रात जाणवते. त्याच पत्रात मला दोन जागा खटकल्या.

पहिली ‘तीन महिने’. शेंगेन व्हिसाचा हिशेब दिवसांवर चालतो : कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, पोचल्याचा आणि निघाल्याचा दिवस धरून. १ मे ते ३१ जुलै भरतात ९२. कॅलेंडरवर बोट ठेवून मोजा, आणि बेत ८० दिवसांच्या आतच आखा. विमान रद्द झालं तर चार दिवस हाताशी राहतात.

दुसरी जागा म्हणजे ‘दाखवले होते’. पैसे तुमचे होते, की अर्जापुरते आणले होते? दरमहा पेन्शन जमा, शिल्लक साठ-सत्तर हजार आणि अर्जाच्या आठ दिवस आधी एकदम साडेतीन लाख, असं स्टेटमेंट असेल तर अधिकाऱ्याची नजर आधी त्या एका ओळीवरच अडते. हे पैसे कुणाचे? परत द्यायचेत का? मेहुण्याकडून आठवड्यासाठी आणलेली रक्कम असेल, तर पुन्हा तसं करू नका. ठेव मोडली असेल, तर मोडल्याची पावती जोडा. लहान पण नियमित पेन्शन, बाकीच्या ठेवी, घराचे कागद, शेती असल्यास इंग्रजी भाषांतरासह सातबारा, यांतून तुम्ही परत येणार हे दिसतं. उसन्या लाखांतून ते दिसत नाही.

खर्चाचा भार मुलीला उचलू द्या. जर्मनीत त्यासाठी ‘फेरफ्लिष्टुंग्सएर्क्लेरुंग’ नावाची औपचारिक हमी असते. मुलीने तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन पगाराचे कागद दाखवून ती घ्यायची. शुल्क २९ युरो. साधं निमंत्रणपत्र म्हणजे ही हमी नव्हे. मूळ प्रत तुमच्याकडे मागवून घ्या.

एजंटने भरलेल्या अर्जाची प्रतही मागा. राहणार मुलीकडे आणि अर्जात मात्र सवयीने ‘पर्यटन’ आणि सोबत हॉटेलचं बुकिंग, असं घडतं. सही तुमची असते, त्यामुळे चुकीची जबाबदारीही तुमच्यावरच येते. विमानाचं आरक्षण पुरतं; व्हिसा हाती येण्याआधी पक्कं तिकीट काढू नका. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा आणि मुक्कामाचे सगळे दिवस त्यात आले पाहिजेत.

आता बाईंच्या नावाविषयी. आपल्याकडे हा घोळ घरोघरी आहे. पासपोर्टवर सासरचं नाव, जुन्या कागदांवर माहेरचं, बँकेत आणखी तिसरंच. अर्जात जन्माच्या वेळच्या आडनावाचा वेगळा रकाना असतो. तो रिकामा सोडू नका, तिथे माहेरचं आडनाव लिहा आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडा. बाकी नाव पासपोर्टवर जसं आहे, अक्षरन् अक्षर तसंच.

घाईने दुसऱ्या एखाद्या शेंगेन देशाकडे अर्ज करू नका. मुक्काम जिथे जास्त, त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. शिवाय नकाराची नोंद सगळ्या शेंगेन देशांना पाच वर्षं दिसते. जर्मन दूतावासाकडे फेरविचार मागायची सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली आहे. तेव्हा नवा अर्जच करा आणि पहिल्या नकाराच्या कागदावर ज्या कारणांपुढे खूण आहे, त्या प्रत्येकाला सोबतच्या पत्रात उत्तर द्या. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णय साधारण १५ दिवसांत होतो, पण ४५ दिवसही लागू शकतात.

एक काम आजच करा. मुलीचा जन्मदाखला काढून बघा. जुन्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, आणि ती तुमची मुलगी आहे हे त्याच कागदाने दाखवायचं असतं. नाव नसेल तर नगरपालिकेत जाऊन आधी ते चढवून घ्या.