सार्वजनिक ग्रंथालयाची नियमावली : शिस्त, वाटप आणि हक्क

शहरातील बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांच्या प्रवेशद्वाराशी एक फलक लावलेला असतो. शांतता राखावी, पिशव्या बाहेर ठेवाव्यात, स्वतःची पुस्तके आत आणू नयेत, पानांवर खुणा करू नयेत, मुदतीनंतर पुस्तक परत केल्यास विलंब शुल्क आकारले जाईल, असा मजकूर त्यावर साधारणपणे असतो. हे सारे केवळ शिस्तीचे नियम आहेत असा आपला समज असतो. वास्तविक पाहता यातील जवळजवळ प्रत्येक नियम हा वाटपाचा नियम आहे. मर्यादित जागा, मर्यादित प्रती आणि मर्यादित वेळ कोणाला मिळावा आणि कोणाला मिळू नये, याचा निर्णय त्यात दडलेला असतो. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारा विद्यार्थी हा आज या ग्रंथालयांचा सर्वांत मोठा उपभोक्ता असल्याने त्याने तरी या फलकाकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहावे.

प्रथम कायदेशीर चौकट. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्याच्या नियंत्रणाखालील किंवा राज्याच्या खर्चाने चालणारी ग्रंथालये हा राज्यसूचीतील (नोंद १२) विषय आहे. कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय मात्र संघसूचीत (नोंद ६२) येते. त्यामुळे देशभर एकच ग्रंथालय कायदा नाही. स्वातंत्र्यानंतरचा पहिला कायदा मद्रास प्रांताने १९४८ मध्ये केला व त्यामागे डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांचे परिश्रम होते. त्यापूर्वी, १९४५ मध्ये, कोल्हापूर संस्थानाने असा कायदा केला होता, ही गोष्ट मराठी विद्यार्थ्यांनाही बहुधा ठाऊक नसते. मद्रासच्या कायद्याने मद्रास शहरासाठी व प्रत्येक जिल्ह्यासाठी स्थानिक ग्रंथालय प्राधिकरण निर्माण केले आणि मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसविला. तमिळनाडूत हा उपकर आज रुपयामागे १० पैसे आहे. महाराष्ट्राच्या १९६७ च्या अधिनियमात अशा उपकराची तरतूद नाही. येथे बहुतांश ग्रंथालये लोकांनी स्थापन केलेल्या संस्था चालवितात आणि शासन त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार अनुदान देते.

हा फरक केवळ निधीच्या स्रोतापुरता नाही. जेथे उपकर आहे तेथे ग्रंथालयाचा खर्च घरमालक करातून उचलतो, आणि भाडेकरूही घरभाड्यातून त्याचा काही भाग अप्रत्यक्षपणे उचलतो. मग त्याच भाडेकरूला सभासद होण्यासाठी घराच्या मालकीचा पुरावा किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची शिफारस मागणे कितपत न्याय्य ठरते? जेथे संस्था वर्गणीवर उभी राहिली, तेथे सभासदत्वाची अट समजण्यासारखी असते. परंतु अनुदानाचा पैसा सर्व करदात्यांचा असल्यामुळे तिलाही मर्यादा पडते.

आता अर्थशास्त्राची परिभाषा. पॉल सॅम्युएल्सन यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या व्याख्येनुसार शुद्ध सार्वजनिक वस्तूचा उपभोग एकाने घेतल्यामुळे दुसऱ्याचा वाटा कमी होत नाही. पुढे तिला दुसरे लक्षण जोडले गेले : अशा वस्तूपासून कोणाला वगळणेही व्यवहार्य नसते. ग्रंथालय या व्याख्येत बसते का? पुस्तकातील ज्ञान बसते. पुस्तकाची प्रत बसत नाही, कारण ती एका वेळी एकाच्याच हाती असते. वाचनकक्षातील खुर्ची तर मुळीच बसत नाही. वाचक थोडे असताना खुर्चीची टंचाई नसते आणि ग्रंथालय जेम्स बुकॅनन यांनी १९६५ मध्ये वर्णिलेल्या क्लब वस्तूसारखे वागते. गर्दी वाढली की तीच खुर्ची सामूहिक संसाधन बनते, आणि गावच्या गायरानावर जे संकट येते तेच तिच्यावर येते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ग्रंथात दाखविले की असे संसाधन टिकविण्यासाठी खासगी मालकी किंवा सरकारी दंडुका हे दोनच मार्ग नाहीत. वापरकर्त्यांनी स्वतः केलेले, स्थानिक परिस्थितीला साजेसे आणि पायरीपायरीने शिक्षा वाढविणारे नियमही ते काम करतात. याच कार्यासाठी २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्रातील नोबेल पुरस्काराने गौरविण्यात आले. ऑस्ट्रॉम यांची उदाहरणे मच्छीमारांची, कुरणांची व पाटबंधाऱ्यांची होती. तरीही सकाळी सात वाजता खुर्चीवर वही ठेवून न्याहारीला जाणारा विद्यार्थी आणि आपल्या पाळीपेक्षा जास्त पाणी घेणारा शेतकरी यांच्यात तत्त्वतः मला फारसा फरक दिसत नाही.

खुर्चीचा प्रश्न

स्वतःची पुस्तके आत आणण्यास बंदी हा नियम मुळात चोरी टाळण्यासाठी आला. ग्रंथालयाचे पुस्तक कोणते व वाचकाचे कोणते, हे दाराशी ओळखणे सोपे व्हावे हा त्याचा हेतू होता. आज त्याचे काम बदलले आहे. मार्गदर्शक पुस्तके व टिपणे घेऊन दिवसभर बसणाऱ्या परीक्षार्थींना दूर ठेवून संदर्भासाठी येणाऱ्या वाचकांना जागा राखणे, हे आता त्याचे खरे कार्य आहे. दोन्ही बाजूंकडे युक्तिवाद आहेत. ग्रंथालय म्हणजे विनामूल्य खोली नव्हे, असे ग्रंथपाल म्हणतात. दहा बाय दहाच्या खोलीत चौघांसह राहणाऱ्या मुलाला तीच खोली हवी असते, पुस्तके तो कशीही मिळवतो. माझ्या मते दुसऱ्या युक्तिवादाचे वजन जास्त आहे. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या शांत, उजेडाच्या जागेचा सर्वाधिक सीमांत लाभ ज्याच्या घरी अशी जागा नाही त्याला होतो. मात्र त्यासाठी संदर्भ विभाग परीक्षार्थींच्या हवाली करणे हा उपाय नव्हे. चेन्नईत २०१० मध्ये सुरू झालेल्या अण्णा शताब्दी ग्रंथालयात स्वतःची पुस्तके आणून वाचण्यासाठी स्वतंत्र विभाग ठेवण्यात आला. एका नियमाने दोन मागण्यांना परस्परांविरुद्ध उभे करण्याऐवजी जागेचीच विभागणी केली, असे हे उदाहरण आहे.

जेथे अशी सोय नसते तेथे मागणी नाहीशी होत नाही. ती बाजारात जाते. पुण्यातील पेठांत आणि दिल्लीतील मुखर्जीनगर, राजेंद्रनगर या भागांत मासिक शुल्क घेणाऱ्या खासगी अभ्यासिका त्यातूनच उभ्या राहिल्या. तेथे टंचाईचे वाटप किमतीने होते आणि किंमत कमी ठेवण्यासाठी सुरक्षिततेत काटछाट होण्याचा धोका असतो. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरात एका शिकवणी संस्थेच्या तळघरातील ग्रंथालयात पावसाचे पाणी शिरून नागरी सेवा परीक्षेची तयारी करणाऱ्या तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. त्या तळघराचा अभ्यासासाठी वापर करण्याची परवानगी नव्हती. सार्वजनिक वाचनकक्षातील एका खुर्चीचा संधी-खर्च मोजताना ही घटना दृष्टीआड करता येणार नाही.

खुर्ची अडवून ठेवण्यावर उपाय साधे आहेत. जागा सोडताना टोकन परत करणे, ठरावीक वेळेपेक्षा जास्त रिकामी राहिलेली जागा दुसऱ्याला देणे, परीक्षेच्या हंगामात सकाळ व संध्याकाळ अशा पाळ्या ठेवणे हे त्यांपैकी काही होत. यांत अंमलबजावणीचा खर्च कमी आहे, कारण रिकाम्या खुर्चीवर लक्ष ठेवण्यात वाट पाहणाऱ्या वाचकाचेच हित असते.

विलंब शुल्क : दंड की किंमत?

मुदतीनंतर पुस्तक परत करणाऱ्याकडून दररोज काही पैसे वा रुपये आकारण्याची पद्धत सर्वत्र आहे. दंड बसविला की उल्लंघन कमी होते, हे गृहीतक त्यामागे असते. उरी ग्नीझी व आल्डो रस्टिकिनी यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या गृहीतकाला धक्का दिला. इस्रायलमधील हैफा येथील दहा पाळणाघरांपैकी काही ठिकाणी मुलांना नेण्यास उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावण्यात आला. तेथे उशिरा येणारे कमी होण्याऐवजी वाढले, आणि दंड रद्द केल्यावरही ते पूर्वीच्या पातळीवर आले नाहीत. पूर्वी उशीर करताना पालकांना संकोच वाटत असे. आता त्यांना ती विकत घेतलेली सेवा वाटू लागली. ग्रंथालयातही असेच घडते. ज्याला परवडते तो शुल्क भरून पुस्तक महिनाभर जवळ ठेवतो, आणि ज्याला परवडत नाही तो साचलेल्या रकमेच्या धास्तीने ग्रंथालयाकडे फिरकतच नाही. पुस्तकही जाते आणि वाचकही जातो. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये आणि न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये विलंब शुल्क रद्द केले. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई मात्र तेथेही द्यावी लागते.

आपल्याकडे दंडापेक्षा अनामत रकमेवर अधिक भर असतो. पाचशे रुपयांच्या अनामतीवरील बुडालेले व्याज, सहा टक्के दर धरला तरी, वर्षाला तीसच रुपये होते. कागदावर हा खर्च नगण्य आहे. पण ज्या कुटुंबाकडे एकरकमी पाचशे रुपये नसतात त्याच्यासाठी व्याजाचा हिशेब गैरलागू असतो, कारण अडचण रोखतेची असते. जुन्या दिल्लीत रेल्वे स्थानकासमोर १९५१ मध्ये युनेस्को व भारत सरकार यांनी मिळून सुरू केलेले दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय विनाशुल्क आणि मुक्तद्वार ठेवण्यात आले, ते हे ओळखूनच. सार्वजनिक ग्रंथालय तत्त्वतः विनामूल्य असावे, ही भूमिका युनेस्कोच्या १९९४ च्या जाहीरनाम्यातही आहे.

हरवलेल्या पुस्तकाची जबाबदारी

वाचकाच्या वर्तनाचे नियम कठोर का असतात, याचे उत्तर पुष्कळदा ग्रंथपालाला लागू असलेल्या नियमांत सापडते. पुस्तक हे कार्यालयीन सामग्रीसारखे मानून प्रत्येक गहाळ प्रतीची वसुली कर्मचाऱ्याच्या वेतनातून होणार असेल, तर तो कपाटाला कुलूप लावील. त्याच्या दृष्टीने ते पूर्णपणे विवेकी वर्तन होय. न वाचल्या गेलेल्या पुस्तकाबद्दल त्याला कोणी जाब विचारत नाही, हरवलेल्याबद्दल मात्र विचारतात. प्रोत्साहनांची रचना चुकली की सज्जन माणूसही संस्थेचा उद्देश कसा पराभूत करतो, याचे हे पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे.

केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांनी यावर तोडगा दिला आहे. २०१७ च्या नियमावलीतील नियम २१५ नुसार (२००५ च्या नियमावलीत हा नियम १९४ होता) वर्षभरात वाचकांना दिलेल्या किंवा त्यांनी हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी वाजवी मानता येते. मात्र ती अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा यांमुळे झालेली नसावी. एक हजार रुपयांहून अधिक किमतीचे व दुर्मीळ ग्रंथ गहाळ झाल्यास चौकशी अनिवार्य आहे. वीस हजारांपर्यंत ग्रंथ असलेल्या ग्रंथालयात दरवर्षी, वीस ते पन्नास हजार असल्यास तीन वर्षांतून एकदा संपूर्ण पडताळणी, आणि त्याहून मोठ्या संग्रहांत तीन वर्षांच्या आत नमुना पडताळणी, अशी ही व्यवस्था आहे.

या नियमातील सूक्ष्मता विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. हानीची मर्यादा संग्रहाच्या आकारावर ठरत नाही, ती वापरावर ठरते. ज्या ग्रंथालयात वर्षाला चाळीस हजार ग्रंथ वाचकांच्या हाती जातात तेथे दोनशे ग्रंथांची हानी वाजवी ठरू शकते; ज्याने चार हजारच दिले त्याला वीस. पुस्तके जितकी फिरतील तितकी सवलत वाढते. कपाटाचे कुलूप उघडण्यास उत्तेजन देणारा असा नियम वित्तीय नियमावलीसारख्या रुक्ष ग्रंथात सापडावा, याचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. राज्यांच्या अनुदानित ग्रंथालयांना तो आपोआप लागू होत नाही, हेही येथेच नोंदविले पाहिजे.

वर्तन आणि समानता

शांततेच्या नियमाचे समर्थन सोपे आहे : आवाज ही नकारात्मक बाह्यता आहे. धूम्रपानाबाबत तर ग्रंथालयाला स्वतःचा नियम करण्याचीही गरज नाही. २००३ च्या सिगारेट व अन्य तंबाखूजन्य पदार्थ अधिनियमातील सार्वजनिक स्थळाच्या व्याख्येत ग्रंथालयांचा नामोल्लेख आहे. अडचण येते ती ‘अयोग्य वेश’, ‘आक्षेपार्ह स्वरूप’ यांसारख्या मोघम शब्दांपाशी. दाराशी उभा असलेला कर्मचारी त्यांचा अर्थ लावतो, आणि तो अर्थ बहुधा मळक्या कपड्यांतील माणसाच्या विरुद्ध जातो.

अमेरिकेतील दोन निकाल तुलनेसाठी उपयुक्त आहेत. न्यू जर्सीतील मॉरिसटाउनच्या ग्रंथालयाने एका बेघर वाचकाला बाहेर काढले होते. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने माहिती मिळविण्याचा हक्क मान्य केला. परंतु ग्रंथालयाच्या उद्देशाशी निगडित, वाजवी नियम वैध ठरविले. याउलट वॉशिंग्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा ‘आक्षेपार्ह स्वरूपा’चा नियम २००१ मध्ये अतिमोघम म्हणून रद्द झाला. भारतात कसोटी अनुच्छेद १४ मधील मनमानीविरुद्धच्या संरक्षणाची आहे. शिवाय अनुच्छेद १५(२) नुसार राज्याच्या निधीतून पूर्णतः वा अंशतः राखलेल्या सार्वजनिक राबत्याच्या जागी केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणालाही अटकाव करता येत नाही. या तरतुदीमागे १९२३ चा बोले ठराव आणि १९२७ चा महाडचा सत्याग्रह यांचा इतिहास आहे. अनुदानित वाचनालय अशा जागांत मोडते, असे मानण्यास सबळ आधार आहे.

नियम कोणी केला, केव्हा केला आणि तो अधिकृत आहे की एखाद्या अधिकाऱ्याने फलकावर लिहून घेतलेली सूचना आहे, हे वाचकाला विचारता येते. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या अधिनियमातील कलम ४(१)(ख) नुसार सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्याकडील नियम व सूचना मागणीशिवाय प्रसिद्ध करावयाच्या असतात. शासनाकडून भरीव निधी मिळणाऱ्या अशासकीय संस्थाही या अधिनियमाच्या कक्षेत येतात. त्याच कलमाच्या पंधराव्या उपखंडात, लोकांसाठी ग्रंथालय किंवा वाचनकक्ष चालविला जात असल्यास त्याच्या कामकाजाच्या वेळा प्रसिद्ध करण्याचाही स्पष्ट उल्लेख आहे.