बोईसरला कर्ज काढून घर घ्यावे का?

प्रश्न : तारापूर एमआयडीसीत कंत्राटी कामगार आहे. पगार 22 हजार. 15 लाखांचे कर्ज झेपेल का?

उत्तर : स्वतःचे घर झाले की दर 11 महिन्यांनी बिऱ्हाड हलवण्याची धास्ती जाते, मुलांची शाळा टिकते. पण 9 टक्के व्याजाने 15 लाखांचा 20 वर्षांसाठीचा हप्ता साधारण 13,500 रुपये होतो. कंत्राट संपले तर चूल आणि घर दोन्ही अडचणीत येतील. हप्ता पगाराच्या एक-तृतीयांशात बसवा. 8 लाखांचा सुमारे 7,200 पडेल. बिनशेती आदेश, बांधकाम परवानगी आणि महारेरा नोंदणी पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका. फक्त पत्नीच्या नावे खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. सहा हप्त्यांची शिल्लक नसेल, तर तूर्त भाड्यानेच राहा.