ऋतुमानानुसार कलाप्रदर्शने : औंधच्या संग्रहालयाचा पाठ

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील औंध हे गाव यमाई देवीच्या स्थानासाठी जसे प्रसिद्ध आहे, तसेच ते तेथील श्री भवानी वस्तुसंग्रहालयासाठीही ख्यातकीर्त आहे. औंधचे अधिपती व स्वतः चित्रकार असलेले श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली या संग्रहालयाची स्थापना केली. राजा रविवर्मा यांची तैलचित्रे, जयपूर, कांगडा, मुघल आदी शैलींतील लघुचित्रे, तसेच हेन्री मूर या जगद्विख्यात शिल्पकाराचे ‘माता व बालक’ हे शिल्प यांमुळे ग्रामीण भागातील हा संग्रह असाधारण ठरला आहे. अशा संग्रहाचे जतनही व्हावे आणि लोकांनी तो पुनःपुन्हा पाहावा, हे दोन्ही हेतू एकाच योजनेने साधता येतात. ती योजना म्हणजे ऋतुमानानुसार बदलणारी प्रदर्शने.

प्रकाशाचा हिशेब

कागदावरील रंग प्रकाशाने फिके पडतात आणि एकदा गेलेला रंग परत येत नाही. ही हानी साचत जाणारी असते. प्रकाशाची तीव्रता आणि त्याचा काळ यांच्या गुणाकारावर ती अवलंबून राहते. म्हणून लघुचित्रे, जलरंगचित्रे व वस्त्रे यांच्यासाठी सुमारे ५० लक्स, तर तैलचित्रांसाठी सुमारे २०० लक्स ही मर्यादा सर्वसाधारणपणे पाळली जाते.

एखादे लघुचित्र ५० लक्स प्रकाशात रोज ८ तास, वर्षातील ३०० दिवस टांगून ठेवले, तर त्याच्यावर १,२०,००० लक्स-तास इतका प्रकाश पडतो. तेच चित्र १०० दिवसांच्या एकाच हंगामात मांडले, तर हा आकडा ४०,००० वर येतो. म्हणजे वार्षिक झीज स्थूलमानाने एक-तृतीयांश होते. पाषाणशिल्पांना प्रकाशाचे असे भय नसल्याने ती वर्षभर मांडता येतात.

तीन हंगामांची मांडणी

पावसाळ्यात हवेतील आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कागदावर बुरशी धरू लागते आणि किडीसही वाव मिळतो. त्यामुळे या चार महिन्यांत कागदी चित्रे कोरड्या, बंदिस्त जागी ठेवून पाषाणशिल्पांना दालनात प्राधान्य देणे हितावह ठरते. हिवाळ्यातील कोरडी व सौम्य हवा लघुचित्रांस अनुकूल असते. पौष महिन्यात यमाईच्या यात्रेस येणारा भाविकवर्गही याच काळात औंधला असतो. उन्हाळ्यात खिडक्यांना जाड पडदे लावून लघुचित्रांचा दुसरा संच मांडता येतो. तैलचित्रे वारंवार हलविल्यास रंगाचे पापुद्रे निघण्याचा धोका असतो. ती जागेवर ठेवून त्यांच्याविषयीची माहिती तेवढी बदलावी.

ऋतू हा आपल्या चित्रकलेचा जुना विषय आहे. रागमाला व बारामास या प्रकारांतील चित्रांत मेघ, वसंत, विरह आणि उत्सव यांचे महिन्यांशी नाते जोडलेले असते. अशी चित्रे ज्या संग्रहात आहेत, तेथे हंगाम आणि विषय यांचा मेळ सहज घालता येतो.

शाळा व पंचायतींचा वाटा

प्रदर्शन बदलले, तरी त्याची वार्ता गावोगाव पोहोचली नाही, तर दालन रिकामेच राहते. शिक्षकांनी हंगामाच्या आरंभीच सहलीचा दिवस ठरवावा आणि विद्यार्थ्यांकडून दोन-तीन चित्रांचेच बारकाईने निरीक्षण करून घ्यावे. संपूर्ण संग्रह एका तासात पाहून काहीच लक्षात राहत नाही. ग्रामपंचायतींनी प्रदर्शनाचा विषय व मुदत ग्रामसभेत सांगावी आणि सूचनाफलकावर लावावी. बाजाराच्या दिवशी दवंडी दिल्यासही पुष्कळ काम होते. अधिकाऱ्यांनी प्रत्येक चित्र किती दिवस प्रकाशात होते याची नोंदवही ठेवण्याचा आग्रह धरावा. या नोंदीविना ऋतुबदलाची योजना कागदावरच राहील.

औंध संस्थानाने १९३९ साली ग्रामपंचायतीच्या पायावर स्वराज्याची घटना स्वीकारली, तेव्हा संग्रहालयास जेमतेम एक वर्ष झाले होते. गावाचा कारभार आणि कलेचा ठेवा ही दोन्ही लोकांच्या हाती असावीत, असाच या दोन घटनांचा एकत्रित अर्थ लावता येतो. आज हे संग्रहालय राज्य शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीत आहे. तथापि चित्रांचे रंग पुढील पिढीपर्यंत टिकविणे आणि ते पाहणारे डोळे तयार करणे, हे काम परिसरातील शाळा व पंचायती यांच्या सहकार्यानेच पूर्ण होईल.