घरच्या दप्तरासाठी घरचा सर्व्हर

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कागद कापडी रुमालांत बांधून जतन केलेले आहेत. दोन शतके लोटली तरी ते आज वाचता येतात. हे दप्तर कोणाच्या ताब्यात आहे आणि कोठे ठेवले आहे हे निश्चितपणे ठाऊक होते, हेही त्याचे एक कारण होय. आजच्या कुटुंबाच्या दप्तराचे स्वरूप वेगळे आहे. लग्नकार्याची छायाचित्रे, मुलांची गुणपत्रके, विम्याचे कागद, सातबारा उताऱ्याच्या प्रती, आजीच्या आवाजातील ओव्या हे सारे आता मोबाईलमध्ये आणि तेथून दूरच्या एखाद्या कंपनीच्या यंत्रांवर साठविले जाते. ही सोय मोठी आहे यात शंका नाही. परंतु या दप्तराचा ताबा नेमका कोणाकडे आहे, हा प्रश्न बहुतेक घरांत विचारला जात नाही.

हा प्रश्न केवळ काल्पनिक नाही. भारतात एके काळी अतिशय लोकप्रिय असलेले ‘ऑर्कुट’ हे संकेतस्थळ ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले आणि तेथील छायाचित्रे मुदतीत उतरवून घेण्याची जबाबदारी वापरणाऱ्यांवर येऊन पडली. ‘गूगल फोटोज’ने नव्या छायाचित्रांची अमर्याद विनामूल्य साठवण १ जून २०२१ पासून थांबविली. यात कोणाची फसवणूक झाली असे म्हणता येणार नाही. दुसऱ्याच्या घरी ठेवलेल्या वस्तूला त्या घराचे नियम लागू होतात, एवढाच त्याचा अर्थ. म्हणूनच आपल्या माहितीची निदान एक प्रत स्वतःच्या घरी, स्वतःच्या यंत्रावर ठेवण्याची हौस अनेकांना लागली आहे. ही हौस समजून घेण्याजोगी आहे आणि तिच्या मर्यादाही समजून घेतल्या पाहिजेत.

सर्व्हर म्हणजे काय?

सर्व्हर हा शब्द ऐकताच थंड दालनातील यंत्रांच्या रांगा डोळ्यांपुढे येतात. वस्तुतः दुसऱ्या संगणकाने मागितलेली माहिती पुरविणारा कोणताही संगणक सर्व्हरच होय. जगातील पहिला वेब सर्व्हर म्हणजे जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेतील टिम बर्नर्स-ली यांचा मेजावरचा संगणक होता. हा संगणक सर्व्हर असून तो बंद करू नये, अशी हाताने लिहिलेली चिठ्ठी त्याच्यावर चिकटविलेली होती. घरच्या सर्व्हरचे मर्मही या चिठ्ठीतच आहे. यंत्र साधे असले तरी चालते. मात्र ते अखंड चालू राहिले पाहिजे.

साधने आणि विजेचा हिशेब

सर्व्हरसाठी नवी खरेदी करणे आवश्यक नाही. पडदा तडकलेला किंवा वेगाने मागे पडलेला जुना लॅपटॉप या कामास उत्तम. त्याची बॅटरी शाबूत असल्यास भारनियमनाच्या वेळी ती काही काळ आधार देते. मात्र फुगलेली बॅटरी आगीचे कारण ठरू शकते. ती काढून टाकणेच इष्ट. दुसरा पर्याय ‘रास्पबेरी पाय’ या छोट्या संगणकाचा. इंग्लंडमध्ये मुलांना संगणकशास्त्राची गोडी लागावी या हेतूने तो तयार करण्यात आला आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला. त्याचा आकार पत्त्यांच्या जोडाएवढाच भरतो.

अहोरात्र चालणाऱ्या यंत्राचा वीजखर्च आधीच मोजावा. सरासरी ५ वॅट वीज घेणारे छोटे यंत्र तीस दिवसांत ३.६ युनिट खर्च करते. १५ वॅट घेणाऱ्या लॅपटॉपला सुमारे ११ युनिट, तर ६० वॅटच्या जुन्या डेस्कटॉपला ४३ युनिट लागतात. फुकट मिळालेला जुना डेस्कटॉप वर्षभरात महाग पडतो, तो असा.

साठवणीसाठी वेगळी हार्ड डिस्क वा एसएसडी घ्यावी. छोट्या मेमरी कार्डावर सतत लिहिले गेल्यास ते लवकर निकामी होते, म्हणून मोलाची माहिती केवळ कार्डावर ठेवू नये. यंत्र हवेशीर जागी, उंदीर, ओल आणि धूळ यांपासून दूर ठेवावे.

प्रारंभ कोठून करावा?

डेबियन ही १९९३ पासून विकसित होत असलेली विनामूल्य कार्यप्रणाली या कामासाठी विश्वासार्ह मानली जाते. तिच्यावर ‘सांबा’ बसविल्यास घरातील सर्व संगणकांना एक सामाईक कपाट मिळते. ‘सिंकथिंग’मुळे मोबाईलमधील छायाचित्रे घरच्या वायफायवरून आपोआप सर्व्हरवर उतरतात. ‘नेक्स्टक्लाउड’मध्ये फायलींबरोबर दिनदर्शिका व पत्त्यांची वहीही ठेवता येते. हे सर्व एकाच दिवशी बसविण्याचा मोह टाळावा. पहिल्या महिन्यात एकच सेवा चालवावी, ती का बंद पडते व पुन्हा कशी सुरू होते हे शिकावे आणि मगच दुसरी घ्यावी.

घरातल्या घरात माहिती हलविण्याचा वेग हा या व्यवस्थेचा आणखी एक लाभ होय. चार एमबीची पंचवीस हजार छायाचित्रे म्हणजे शंभर जीबी. दर सेकंदास १० मेगाबिट या वेगाने ती बाहेर पाठविण्यास सुमारे बावीस तास लागतात. घरातील गिगाबिट तारेवरून हेच काम वीस मिनिटांच्या आसपास होऊ शकते.

शाळेला होणारा उपयोग

जेथे इंटरनेट नाही किंवा वारंवार खंडित होते, तेथे या साधनाचे मोल सर्वाधिक जाणवते. २००७ साली सुरू झालेल्या ‘किविक्स’ या विनामूल्य प्रकल्पामुळे संपूर्ण विकिपीडिया एका फायलीत साठविता येतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडियाही त्यात उपलब्ध आहे. इंग्रजी विकिपीडिया चित्रांसह शंभर जीबीच्या आसपास भरतो. तालुक्याच्या गावी ही फाईल एकदा उतरवून आणली आणि छोट्या सर्व्हरला वायफाय राउटर जोडला, की वर्गातील विद्यार्थी इंटरनेटविना ज्ञानकोश वाचू शकतात. विकिपीडियाचा परवाना अशा प्रती करण्यास मुभा देतो. ही माहिती उतरवून घेतलेल्या दिवसापुरतीच अद्ययावत असते, हे विद्यार्थ्यांना सांगावे आणि वर्षातून एकदा नवी प्रत आणावी.

घराचे दार उघडताना

घरच्या सर्व्हरवरील माहिती बाहेरगावाहून पाहावी, अशी इच्छा लवकरच होते. येथे घाई करू नये. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारे ४२९ कोटीच आहेत. ते अपुरे पडल्याने अनेक सेवापुरवठादार बऱ्याच ग्राहकांना मिळून एक सार्वजनिक पत्ता देतात आणि अशा जोडणीत बाहेरून घरच्या यंत्रापर्यंत थेट पोहोचता येत नाही. पोहोचता येत असेल तेथेही राउटरमध्ये थेट वाट उघडणे जोखमीचे ठरते. २०१६ साली ‘मिराई’ या घातक प्रणालीने कारखान्यातील मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे व राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले. त्यांच्याच साहाय्याने २१ ऑक्टोबर रोजी ‘डिन’ या कंपनीवर झालेल्या हल्ल्यामुळे अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. ज्यांची यंत्रे या हल्ल्यात राबविली गेली, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

त्यामुळे ‘वायरगार्ड’सारख्या व्हीपीएनचा, म्हणजे कुलूपबंद खाजगी वाटेचाच अवलंब करावा. प्रत्येक मूळ पासवर्ड बदलावा आणि सुरक्षाविषयक सुधारणा नियमित बसवाव्यात. घरून ईमेल सर्व्हर चालविण्याचा प्रयोग नवशिक्याने करू नये. घरगुती जोडणीवरून गेलेली पत्रे अनेकदा नाकारली जातात.

तीन प्रती

हार्ड डिस्क आज ना उद्या बिघडणारच, असे गृहीत धरून चालावे. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या जागी, हा नियम जगभर मान्य आहे. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिण्याची सोय केली म्हणजे दुसरी प्रत झाली, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. चुकून पुसलेली फाईल दोन्हीकडून एकदमच पुसली जाते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगली भागातील असंख्य घरांत पाणी शिरले. अशा प्रसंगी एकाच कपाटातील मूळ आणि प्रत दोन्ही बुडतात. एक डिस्क परगावच्या नातेवाइकाकडे ठेवणे हा साधा उपाय आहे. त्या प्रतीतून काही फायली परत मिळवून पाहण्याची चाचणी दर तीन महिन्यांनी घ्यावी. चाचणी न घेतलेल्या प्रतीवर विसंबून राहता येत नाही.

मर्यादा ओळखाव्यात

ही हौस घराच्या दप्तरापुरतीच असावी. ग्रामपंचायतीची नोंदवही, कार्यालयीन पत्रव्यवहार किंवा विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती एखाद्या उत्साही कर्मचाऱ्याने आपल्या घरच्या यंत्रावर ठेवणे योग्य नव्हे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये व्यक्तीने खाजगी वा घरगुती कारणासाठी केलेला वापर वगळण्यात आला आहे. संस्थेच्या कामाला ही सवलत लागू होत नाही. शाळेतील ज्ञानकोशाच्या सर्व्हरवर विद्यार्थ्यांची नावे असण्याचे मुळीच कारण नाही.

सर्वांत अधिक दुर्लक्षिली जाणारी बाब शेवटी सांगितली पाहिजे. बहुतेक घरांत सर्व्हर चालविणारी व्यक्ती एकच असते. ती आजारी पडली, बदलीच्या गावी गेली किंवा तिचे निधन झाले, तर घरच्यांना माहितीचे दार उघडता येत नाही. परक्या कंपनीच्या ताब्यातून सोडविलेले दप्तर अशा वेळी एका माणसाच्या स्मरणशक्तीत अडकते. यासाठी साध्या कागदी वहीत यंत्र कोठे आहे, त्यावर काय ठेवले आहे, प्रती कोणाकडे आहेत, पासवर्ड कोणते आणि यंत्र बंद व चालू कसे करावे, हे स्वच्छ मराठीत लिहून ती वही घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी. घरातील दुसऱ्या एका व्यक्तीने केवळ ती वही वाचून एखादे छायाचित्र शोधून दाखविले, म्हणजे घरचा सर्व्हर खऱ्या अर्थाने घरचा झाला असे समजावे.